पोकुआचा हुंकारा

पोकुआ आमांक्वा आमच्या टीव्ही स्टेशनवर सहा आठवडे बातमीदारी शिकायला आली, त्याच दिवशी मी आमचे संपादक बायडूसाहेब यांना सांगितलं होतं, ही पोरगी तुमचं डोकं खाणार. साहेब म्हणाले, "आट्टा, तू गाडी चालव." बरं, चालवतो. अकरा वर्षं तेच करतोय. गाडी मी चालवायची, कॅमेरा मी धरायचा, त्याच्या तिवईचा मोडका पाय सायकलच्या ट्यूबनं मी बांधायचा, आणि एक शब्द सुचवला की म्हणे गाडी चालव!

पोरगी वाईट नव्हती हो. उलट फार चांगल्या वळणाची होती, आणि तिथेच सगळा घोळ होता. आमच्याकडे मोठं माणूस बोलत असताना समोरच्यानं तोंड शिवून बसायचं नसतं. हूं म्हणायचं, खरंच की म्हणायचं, अरे देवा म्हणायचं. गप्प बसलात तर बोलणाऱ्याला वाटतं, याला माझा राग आलाय किंवा हा झोपलाय. त्यात पोकुआला वाढवलं तिच्या आजीनं, आणि आजीला दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. मी रोज सकाळी पोरीला घ्यायला जायचो, तेव्हा बघायचो ना. ही अंगणातून घरात आली की पहिलं वाक्य, "मी आहे, आजी." स्वयंपाकघरात गेली, "मी आहे, आजी." आजीचं बोलणं चालू असेल तर हिचा हुंकारा चालूच. एकदा ही जरा गप्प राहिली, तर म्हातारी हात चाचपडत म्हणाली, "अगं बोल ना काहीतरी. मला कसं कळणार तू आहेस?" असं वीस वर्षं चाललेलं. आता ते टीव्हीच्या माइकसमोर थांबणार कसं?

बायडूसाहेबांचा एकच नियम. बातमीत माणसाचा आवाज हवा, स्वच्छ हवा, आणि त्यात बातमीदाराचा आवाज मिसळलेला नको. मिसळला तर कापता येत नाही. आवाज नाही तर बातमी नाही.

पहिली बातमी बाजाराच्या छपराची. टोमॅटोवाल्या मावशी रडकुंडीला येऊन सांगतायत, "पत्रे उडून गेले," तर पोकुआ, "हो ना मावशी!" मावशी, "सहा महिने झाले," तर ही, "सहा महिने! अगं बाई!" मावशी, "सगळा माल सडतो," तर ही, "सडणारच की!" मी कॅमेऱ्यामागून डोळे वटारतोय, पण बघतंय कोण. संध्याकाळी साहेबांनी ते ऐकलं आणि टेबलावर डोकं टेकलं. म्हणाले, "ही मुलाखत आहे की दोन शेजारणींचं गाऱ्हाणं?" शेवटी मावशींचे चारच शब्द स्वच्छ सापडले, तेवढ्यावर बातमी लागली.

दुसऱ्या वेळी तिनं शक्कल लढवली. रुमाल दातात धरून बसली. समोर कोकोचा म्हातारा शेतकरी, झाडांवरच्या रोगाबद्दल सांगत होता. दोन वाक्यं बोलला, तीन बोलला, मग थांबला. मला म्हणाला, "या मुलीचं मी काही वाईट केलंय का? ही बोलत का नाही?" मी म्हटलं, काका, तिचा दात दुखतोय, तुम्ही बोला. मग तो तिच्याकडे पाठ करून माझ्याशीच बोलायला लागला. आता म्हातारा माणूस एवढं कळवळून सांगतोय, तर मी तरी किती वेळ गप्प बसणार? संध्याकाळी साहेबांनी माझा हुंकारा ऐकला. "आट्टा! तू पण?" त्या बातमीत सुरुवातीची दोन स्वच्छ वाक्यं तेवढी लागली, बाकी म्हातारा नुसता ओठ हलवताना दिसला.

या दोन्ही बातम्या आजीनं घरी टीव्हीसमोर बसून ऐकल्या. शेजारीपाजारी कौतुक करत होते. आजी मात्र म्हणाली, "शेवटी तुझं नाव घेतलंस ते ऐकलं. पण पोरी, त्याच्याआधी तू होतीस कुठे? तू तर तिथे नव्हतीसच." पोकुआनं मला हे हसत सांगितलं, पण तिला लागलं होतं.

आता राहिली तिसरी. कॉलेजचा कागद असा की तीन बातम्या प्रत्यक्ष टीव्हीवर लागल्या आणि बायडूसाहेबांनी सही केली तरच सहा आठवडे पदरात. नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून, आणि तिचा वर्ग पुढे निघून जाणार. सोमवारी तिला कॉलेजात हजर व्हायचं होतं. म्हणजे हाताशी होता तो शनिवार, संध्याकाळी सातच्या बातम्यांपर्यंत.

बातमी चांगली निवडली होती पोरीनं. असुआनो गावाच्या ओढ्यावरचा लाकडी पूल वाहून गेल्याला आठ महिने झाले. रस्ता अलीकडच्या काठाला संपतो, गाव पलीकडे. मुलं पाण्यातून शाळेत जातात, बायका डोक्यावर केळ्यांचे घड घेऊन पाण्यातून बाजाराला येतात. गावचे निवडून आलेले सभासद म्हणजे माननीय बाफोर. त्यांना सगळे नुसतंच माननीय म्हणतात, घरी बायकोसुद्धा. त्यांनी फोनवर कबूल केलं होतं, शनिवारी या, बोलतो.

शनिवार! मी तिला म्हटलं, "बाई, आपल्या भागात शनिवारी जिवंत माणसांची बातमी मिळत नाही. सगळे कुणाच्या ना कुणाच्या अंत्यविधीला गेलेले असतात."

"मामा, तुम्ही नेहमी अपशकुनी का बोलता?" असं म्हणून ती गाडीत बसली. अंगात पिवळाजर्द झगा. टीव्हीवर उठून दिसेल असं घाल, असं साहेबांनीच सांगितलेलं.

ओढ्याच्या अलीकडे गाडी थांबवली आणि बघतो तर काय, दोन्ही काठांवर काळे-तांबडे कपडे. पलीकडे मंडप, खुर्च्यांच्या रांगा, माणसाच्या उंचीचे दोन कर्णे. तिवा आजी गेल्या होत्या. गेल्या म्हणजे सहा आठवड्यांपूर्वी गेल्या, पण शवागारातून आज यायच्या होत्या. मी पोकुआकडे बघितलं. तिनं माझ्याकडे बघितलं नाही.

कॅमेरा खाली उतरवतोय तोच एक उंच म्हातारे हात पसरून धावत आले. हे आग्येइ, तिवा आजींच्या कुळाचे थोरले. "आलात! अरे, व्हिडिओवाले आले रे!"

"नाही काका, आम्ही टीव्हीवाले," पोकुआ म्हणाली. "आम्ही पुलाच्या..."

"टीव्ही!" आग्येइ मागे वळून ओरडले. "ऐकलंत का? साधा व्हिडिओ नाही, टीव्ही आलाय!"

झालं असं होतं की कुमासीहून ठरवलेला व्हिडिओवाला वाटेत गाडी मोडून पडला होता. आणि शनिवारी, अंत्यविधीच्या दारात, कॅमेरा घेतलेला माणूस दुसऱ्या कुणाचा असेल, अशी शंका आमच्या लोकांना येतच नाही. पोकुआ समजावून सांगत होती, थोरले मान हलवत होते, "हो हो, पूलही घ्या, सगळंच घ्या, पण आधी पाहुणे घ्या." तेवढ्यात दोन बायकांनी तिच्या पिवळ्या झग्याकडे असं बघितलं की मीच शरमलो. गाडीच्या सीटखाली माझं काळं कापड कायम असतं. ते मी तिला गुंडाळायला दिलं. खालून चार बोटं पिवळं दिसतच राहिलं.

मग ओढा ओलांडून मंडपात. भेटल्याशिवाय बसता येतं होय? उजवीकडून सुरुवात करायची आणि एकेकाचा हात हातात घेत डाव्या टोकापर्यंत जायचं. साठ-सत्तर तरी हात असतील. माइक बगलेत धरून पोरीनं सगळे घेतले, एक चुकवला नाही. तिथेच माननीय सापडले. खांद्यावर भारी काळं वस्त्र, पायात नवे जोडे, आणि चेहऱ्यावर तिवा आजींच्या कुळाचे जावई असल्याचा भाव.

पोकुआनं माइक पुढे केला. "माननीय, पूल वाहून गेल्याला आठ महिने झाले..."

माननीयांनी कॅमेऱ्याकडे बघून घसा साफ केला. "तिवा आजी म्हणजे या गावचा आधार."

"हो, पण पुलाचं..."

"त्यांच्या हातचं शेंगदाण्याचं सूप ज्यानं खाल्लं, तो विसरणार नाही."

"माननीय, तुम्ही फोनवर म्हणाला होतात..."

"मुली," ते हळूच म्हणाले, "आज शोक आहे. शोकाच्या दिवशी राजकारण बरं दिसतं का?"

बरं, बाकीच्यांचंही तेच. शाळेच्या बाईंना पुलाचं विचारलं, त्यांनी तिवा आजींचा नाच सांगितला. केळीवाल्या बायकांना विचारलं, त्या कॅमेऱ्यासमोर ओळीनं उभ्या राहून मुसमुसायला लागल्या. कुणी आपल्या मुलांना पुढे करतंय, कुणी वस्त्र नीट करून पुन्हा घ्यायला लावतंय. मध्येच कर्ण्यातून असा दणका सुरू झाला की स्वतःचं नावसुद्धा ऐकू येईना. दोन तासांत मी असुआनोतल्या प्रत्येक माणसाचं तोंड टिपलं आणि पुलाबद्दल एक अक्षर मिळालं नाही. पोकुआ मात्र प्रत्येकाला हुंकारा देत होती. तिवा आजींना तिनं आयुष्यात बघितलेलं नाही, पण "अरेरे", "किती चांगल्या होत्या" हे चालूच.

शेवटी आम्ही अलीकडच्या काठाला, गाडीपाशी परत आलो. ती पायरीवर बसली, मी पुड्यातला केंके, आंबवलेल्या मक्याचा गोळा, आणि तळलेला मासा तिच्यापुढे धरला. खाईना. मी आपला नेहमीच्या सवयीनं म्हटलं, "आता म्हण की हूं."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, "मामा, मी नापास होणार. आजीला मी काय सांगू?" माझा घास तोंडातच राहिला. जीभ चावली मी. पोरगी दिवसभर हसतमुख असते म्हणून माणूस काहीही बोलून जातं.

तेवढ्यात भोंगा वाजवत शववाहिनी आली.

कर्णे बंद झाले. सगळा गाव दोन्ही काठांवर जमला. गाडी पुढे जाणार नाही, म्हणजे पेटी खांद्यावरून पाण्यातून न्यायची. आठ माणसं लागतात, सातच भरली. आग्येइंनी माननीयांकडे बघितलं. जावई माणूस, नाही कसं म्हणणार? नवे जोडे काठावर ठेवून, एका हातानं वस्त्र मांडीपर्यंत उचलून, दुसऱ्या हातानं पेटी धरून माननीय पाण्यात उतरले. मी कॅमेरा लावला. आग्येइंना वाटलं, व्हिडिओ छान चाललाय.

पेटी मध्यावर आली आणि पलीकडच्या काठावरून अंपोमा आजी पुढे आल्या. वाळकी काटकी झालेली बाई, पण आवाज? पार अलीकडच्या काठापर्यंत खणखणीत. आमच्याकडे शोक गाणारी बाई गायला लागली की सगळ्यांनी असेल तिथे थांबायचं. पेटीसुद्धा थांबते. ती काय गाईल त्याला कुणी अडवायचं नाही, आणि नंतर त्यावरून भांडायचंही नाही. अंपोमा आणि तिवा, चाळीस वर्षं ही जोडी पंचक्रोशीत गायची. अंपोमानं ओळ टाकायची, तिवानं हूं म्हणून उचलायची.

पोकुआ माइक घेऊन पाण्यात कधी उतरली ते मला कळलं नाही. काळं कापड भिजून खाली सरकलेलं, पिवळा झगा कमरेपर्यंत पाण्यात. ती पार अंपोमा आजींच्या पायाशी पोचली आणि माइक वर धरला. मी तिला लांबूनच खुणावलं, ओठांवर बोट. तिनं मान हलवली. शहाणी!

अंपोमा आजी गायल्या, "तिवा गं, ओल्या पायानं या गावात नांदायला आलीस, ओल्या पायानंच परत आलीस." आणि थांबल्या.

हूं आला नाही. येणार कुठून? ती जागा तिवाची होती. बाकीच्या बायका खाली बघत होत्या. दुसऱ्याच्या जागेवर कोण बोलणार? पाण्यात आठ माणसं पेटी धरून उभी. आजी पुन्हा गायल्या, पण आवाज चिरकला. "तिवा, मी हाक मारतेय गं. आता मला हूं कोण म्हणणार?"

आणि त्या शांततेत, माइकच्या अगदी टोकाशी, स्वच्छ आवाज आला.

"मी आहे, आजी."

माझे हात कॅमेऱ्यावर होते म्हणून कपाळ वाचलं. संपलं, म्हटलं. गेली बातमी! सगळा गाव तिच्याकडे बघायला लागला. पोरीनं स्वतःच तोंडावर हात दाबला होता. अंपोमा आजींनी खाली वाकून तिचा चेहरा निरखला. मग सरळ झाल्या.

"आहेस ना? मग ऐक," असं म्हणून त्यांनी जो सूर लावला! पहिला माननीय लाकूड आणतो म्हणाला. "हूं," पोकुआ म्हणाली, आता दुसरं काय करणार? दुसरा माननीय लोखंड आणतो म्हणाला. "हूं, आजी." तिसरा माननीय सिमेंट आणतो म्हणाला, तिवा, तो बघ तुझ्या पेटीखाली उभा आहे, लुगडं वर धरून. काठावर कुणीतरी फस्सकन हसलं आणि लगेच रडल्यासारखं केलं. माननीय जागचे हलू शकत नव्हते. पेटी खांद्यावर, पाणी मांडीपर्यंत, आणि शोक चालू असताना मान हलवावीच लागते, म्हणून प्रत्येक ओळीला ते मान हलवत होते. मी त्यांच्यावरून कॅमेरा हलवला नाही. देवानं मला तेवढी अक्कल दिली आहे.

पेटी काठाला लागली. पोकुआ आग्येइंच्या पुढे हात जोडून उभी राहिली. "काका, तुमच्या घरचा शोक आहे. हे टीव्हीवर लावू का?"

आग्येइंनी ओढ्याकडे हात केला. "अंपोमा सगळ्या गावासमोर गायली. आता झाकायचं कुणापासून? लाव. पण व्हिडिओची पूर्ण प्रत मला पाहिजे, जेवणाच्या पंगतीसकट."

परतीच्या वाटेवर पोरगी एक शब्द बोलली नाही. मी दोनदा उगीचच हूं म्हणून बघितलं.

बायडूसाहेबांनी कानांना हेडफोन लावले आणि ऐकायला लागले. आम्ही दोघं दारात. "मी आहे, आजी" आलं आणि साहेबांचा हात थांबला.

"हा कोणाचा आवाज?"

"माझा, साहेब."

साहेबांनी तो आवाज कापून बघितला. जागा स्वच्छ होती, सहज कापला गेला. पुन्हा लावलं. म्हातारी विचारते, हूं कोण म्हणणार, मग नुसती शांतता, आणि मग ती एकदम "आहेस ना? मग ऐक," म्हणते. कुणाला म्हणते? साहेबांनी कापलेला तुकडा परत जोडला. पुन्हा ऐकला. तिसऱ्यांदा ऐकला. मग चष्मा काढून पुसत बसले. मी अकरा वर्षांत त्यांना चष्मा पुसताना बघितलं नव्हतं, धुळीतूनच बघतात ते.

"राहू दे," ते म्हणाले. कॉलेजचा कागद ओढून तिसऱ्या बातमीपुढे सही केली. दोषांच्या रकान्यात लिहिलं, मधे मधे बोलते. पूल अजून झालेला नाही, तेही सांगून टाकतो. माननीय हल्ली आमची गाडी दिसली की घरात जातात.

त्या संध्याकाळी सही झाली तेव्हा सातला पाच मिनिटं होती. मी पोरीला घरी सोडायला निघालो आणि गाडी अशी हाणली की ट्यूबची तिवई मागे नाचत होती. पोचलो तेव्हा बातम्या सुरू झालेल्या. अंगण शेजाऱ्यांनी भरलेलं, टीव्ही खिडकीत ठेवलेला, आणि पुढे खुर्चीत आजी, मान जराशी कलती करून. टीव्हीवर ओढा दिसत होता. पोकुआ दाराशीच थबकली. आयुष्यात पहिल्यांदा घरात शिरताना तिनं आवाज दिला नाही. श्वास धरून उभी राहिली.

टीव्हीतून अंपोमा आजींचा चिरका आवाज आला. "आता मला हूं कोण म्हणणार?"

आणि मग टीव्हीतूनच पोकुआचा आवाज.

"मी आहे, आजी."

पोकुआची आजी खुर्चीत ताठ झाली. चेहरा उजळला, आणि टीव्हीकडे हात पुढे करून ती म्हणाली, "आलीस होय? केव्हाची वाट बघतेय. हात धू, फुफू निवतोय."